समोरच्या बाईंचं ऊन

आमची मुलगी पहिली काही वर्षं खोकतच वाढली. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका पंजाबी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावरची एक खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. स्वयंपाकघर त्यांचं आणि आमचं एकच. खोलीत उजेड बरा होता, पण एका भिंतीला कायमची ओल. नोव्हेंबर लागला की वॉलपेपरच्या मागून काळे ठिपके वर यायचे. मी ब्लीच लावून पुसून काढायची, आठवड्याभरात ते परत हजर. शेवटी आम्ही पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला. मग कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागे.

या देशात आलो तेव्हा नवरा एका कॉम्प्युटर कंपनीत होता. चार वर्षं झाली, पासपोर्टवर कायम राहण्याचा शिक्का बसला, आणि त्याच हिवाळ्यात कंपनीनं त्याला घरी बसवलं. त्या काळात त्या धंद्यात बऱ्याच जणांचं तेच झालं होतं. महिनाभर तो रोज सकाळी टाय बांधून लायब्ररीत जाऊन अर्ज करत बसायचा. मग एक दिवस टाय न बांधता बाहेर पडला आणि ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका गोदामात रात्रपाळी पक्की करून आला. सांगलीला मी शाळेत शिकवत होते. इथे मला जवळच्या प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. डिनर लेडी म्हणतात त्याला, जेवण दुपारचं असलं तरी.

घरमालकीण बाईंना सगळे बीजी म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. त्या मनानं चांगल्या होत्या. माझ्या मुलीसाठी दुधात हळद घालून ठेवायच्या. त्यांच्या यजमानांना आम्ही अंकल म्हणायचो. ओल मात्र त्यांना दिसत नव्हती. "थंडीचं घर आहे, थोडं होणारच," असं ते हिंदीत सांगायचे आणि विषय संपायचा. शेवटी मुलीला तपासायला येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरनं भिंतीवर हात फिरवला, तो रुमालाला पुसला आणि मला म्हणाली की कौन्सिलच्या घरांच्या यादीत नाव घाला, आजच.

यादी मारुतीच्या शेपटासारखी होती. पण त्याच सुमारास आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक पब बंद पडला. जुना पब, मागे मऊ हिरवळ, जिथे म्हातारी माणसं पांढरे कपडे घालून चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळायची. कारखान्यांतून रिटायर झालेली ती माणसं एकेक करून वारली, नाहीतर समुद्रकाठी राहायला गेली. त्यांच्या घरांत आलेले आमच्यासारखे लोक पबमध्ये जाणारे नव्हते. ती जागा एका हाउसिंग असोसिएशननं घेतली. थोडी सरकारी मदत, थोडं त्यांचं कर्ज, अशा पैशातून तिथे चार मजली इमारत होणार, आणि त्यातले फ्लॅट इथेच नोकरी करणाऱ्या, पण बाजारभावानं भाडं न परवडणाऱ्या कुटुंबांना मिळणार, असं कळलं.

चर्चच्या हॉलमध्ये त्यावर सभा झाली. मी गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. हॉल भरला होता. लोक तावातावानं बोलत होते. शाळेत जागा नाहीत, डॉक्टरकडे नंबर लागत नाही, गटारं जुनी आहेत, गाड्या कुठे लावायच्या. एक गृहस्थ म्हणाले की हे फ्लॅट आपल्या मुलांना मिळणार नाहीत, बाहेरच्यांनाच मिळतील. टाळ्या पडल्या. मी मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिले. मग एक उंच, हडकुळ्या बाई उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या असाव्यात. त्यांनी गाड्यांबद्दल काही म्हटलं नाही, बाहेरच्यांबद्दलही नाही. त्यांनी एवढंच विचारलं की इमारत दोन मजल्यांची का होऊ शकत नाही, कारण त्यांची मागची बाग त्या हिरवळीला लागून आहे आणि चार मजले झाले तर दुपारनंतर त्यांच्या स्वयंपाकघरात ऊन येणार नाही. असोसिएशनचा माणूस म्हणाला की दोन मजल्यांत हिशेब बसत नाही. त्या खाली बसल्या.

त्यांच्या मागोमाग आमचे अंकल उठले. तेही विरोधातच बोलले, गाड्यांवरून. मी चकित झाले. परत येताना रस्त्यात ते मला हळूच म्हणाले, "बेटी, मनाला लावून घेऊ नकोस. इमारत झाली तर तू अर्ज जरूर कर. आम्ही आलो तेव्हा आमच्याविरुद्धही याच हॉलमध्ये सभा झाली होती." हे सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि का कोण जाणे, मलाही राग आला नाही.

इमारत झाली. मुलीच्या छातीमुळे आमचा नंबर वर गेला होता, आणि आम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट मिळाला. दोन बेडरूम, पांढऱ्या कोरड्या भिंती. किल्ली हातात आल्यावर नवऱ्यानं पहिली गोष्ट काय केली, तर प्रत्येक भिंतीला तळहात लावून पाहिला. सगळ्या भिंती पाहून झाल्यावर तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी हाक मारली नाही.

सांगलीला फोन करून आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "म्हणजे सरकारी चाळ का गं?" मी म्हटलं, नाही, भाडं कमी आहे आणि कोणी काढू शकत नाही. ती म्हणाली, मग चाळच झाली, पण चांगली. नवऱ्याला मात्र हे कुणाला सांगायचं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत डॉक्टरांच्या बायका नव्या घरांबद्दल, किचन एक्स्टेन्शनबद्दल बोलायच्या. तुम्ही कुठे घेतलं, असं कुणी विचारलं की तो पार्किंग बघून येतो म्हणायचा. मी पहिल्या वर्षी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी सरळ सांगितलं की घेतलं नाही, असोसिएशनचं आहे, आणि पगारात भागत नाही म्हणून सरकारकडून टॅक्स क्रेडिटही मिळतं. मग एका डॉक्टरीण बाईंनी माझ्या ताटात मोदक वाढला आणि म्हणाल्या, त्यांच्या पहिल्या वर्षी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये झुरळं होती. त्यानंतर मला कधी संकोच वाटला नाही.

घरात आलो त्या पहिल्या रविवारी आम्ही छोटी पूजा केली. शिरा केला, आरती केली, कापूर जरा जास्तच पेटला. धूर जावा म्हणून नवऱ्यानं फ्लॅटचं दार उघडलं, तो धूर कॉरिडॉरमध्ये गेला, आणि सगळ्या इमारतीचा अलार्म ओरडायला लागला. सगळी बिऱ्हाडं खाली उरलेल्या हिरवळीवर जमा झाली. कुणी चपला न घालता, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, कुणाच्या कडेवर मूल. फायर ब्रिगेडची गाडी आली. अंगावर पैठणी, हातात शिऱ्याचं पातेलं, अशी मी मध्ये उभी. पातेलं खाली का आणलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. फायरमननं विचारलं की आग कुठे आहे. नवऱ्यानं सांगितलं की आग नाही, देव आहे. सगळ्यात आधी तो फायरमन हसला, मग बाकीचे. मी शिरा वाटला. चमचे नव्हते, लोकांनी हातावर घेतला. त्या दिवशी जेवढ्या ओळखी झाल्या तेवढ्या एरवी वर्षात झाल्या नसत्या. गोंगाट ऐकून मागच्या फाटकातून त्या उंच बाईही बाहेर आल्या होत्या. मी त्यांच्यापुढे पातेलं धरलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, पण सभ्यपणे, आणि आत गेल्या.

आमच्या स्वयंपाकघराला हातभर बाल्कनी होती आणि ती बरोबर त्यांच्या बागेवर यायची. तिथे कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम होता, पण पोळ्यांचं फडकं म्हणजे काही कपडा नव्हे, असं मी धरून चालले होते. वाऱ्यानं एक दिवस ते उडालं आणि त्यांच्या गुलाबांवर जाऊन पडलं. मी खाली उतरून, वळसा घालून त्यांच्या पुढच्या दाराशी गेले. त्यांनी दार उघडलं तेव्हा फडकं त्यांच्या हातातच होतं, घडी घातलेलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या की माफी कशाला, वारा आहे. मी वळले तेव्हा त्यांनी मागून म्हटलं, "माझा तुमच्यावर राग नाही. इमारतीच्या उंचीवर आहे. माझं ऊन आता तुमच्याकडे येतं."

हे त्या चिडून बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. पण तुमचं पोस्ट चुकून माझ्याकडे आलं, असं सांगावं तशा सुरात त्यांनी ते सांगितलं. आणि ते खरं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीला नैऋत्येकडे मोठी खिडकी होती, दुपारनंतर तिथे ऊन सांडायचं, माझी मुलगी त्यात बसून चित्रं काढायची. तिचा खोकला गेला होता. मी म्हटलं, "मग तुम्ही वर या. आमच्याकडे बसा."

त्या आल्या नाहीत. मीही परत विचारलं नाही. बोलवायचं ते बोलावून झालं होतं. बऱ्याच आठवड्यांनी एका गुरुवारी दुपारी बेल वाजली. त्या कोट घालून, पर्स घेऊन दाराशी उभ्या होत्या, जणू लांबच्या गावाहून आल्या होत्या. मी त्यांना आत घेतलं. आधी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या आणि खाली आपल्या बागेकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी ती बाग जमिनीवरूनच पाहिली होती. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटणार. त्या म्हणाल्या, "शेडच्या छपराची ही अवस्था मला माहीतच नव्हती."

पुढच्या शनिवारी नवरा शिडी घेऊन गेला आणि त्यानं छपरावर फेल्टचं नवं डांबरी कापड ठोकलं. त्या खाली उभ्या राहून त्याला सूचना देत होत्या. काम झाल्यावर त्यांनी त्याला बिअर देऊ केली, तो पीत नाही म्हटल्यावर पेल्यात लेमोनेड ओतून दिलं आणि म्हणाल्या की त्यांचे यजमानही पीत नसत, फक्त खेळायला त्या हिरवळीवर जात. आमची इमारत जिथे उभी होती तिथे त्यांचा नवरा उन्हाळ्याच्या प्रत्येक संध्याकाळी खेळायचा, हे मला तेव्हा समजलं. सभेत त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

मग गुरुवार ठरूनच गेला. मी शाळेतून आले की त्या यायच्या. उन्हातल्या खुर्चीत बसून विणायच्या, मी चहा करायची. आमचा उकळलेला चहा त्यांना पहिल्यांदा औषधासारखा लागला, नंतर त्या आलं कमी पडलं तर सांगायला लागल्या. मुलीनं त्यांना आजी म्हणायला सुरुवात केली. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला, आणि कळल्यावर विणकाम उलगडून एक ओळ परत विणायला घेतली.

तोवर गाव पुन्हा बदलायला लागलं होतं. युरोपची दारं उघडली आणि पोलंडहून माणसं आली. शाळेत दर सोमवारी एखादं नवं मूल दाराशी उभं असायचं. निळे डोळे, नवा युनिफॉर्म, इंग्रजीचा एक शब्द नाही. मधल्या सुट्टीत ती मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण ती भिंत मला चांगली माहीत होती. माझी मुलगीही आधी तिथेच उभी राहायची. मी पाणी, भूक, शू, दुखतंय, आई येईल, एवढे शब्द पोलिशमध्ये शिकून घेतले. ते ऐकून हेडटीचर बाईंनी मला वर्गात मदतनीस म्हणून घेतलं. सांगलीची पदवी इतक्या वर्षांत कुणी विचारली नव्हती. त्या दिवशी त्यांनी विचारली. घरी येताना मी मुलीला भर थंडीत आइस्क्रीम घेऊन दिलं.

आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्येही एक पोलिश जोडपं आलं. ती सँडविचच्या कारखान्यात पहाटेच्या शिफ्टला जायची, तो बांधकामावर. एका गुरुवारी आजी जरा कुरकुरल्या. बेकरीत सगळ्या पाट्या आता पोलिश झाल्या, बसमध्ये इंग्रजी ऐकू येत नाही. मी चहा ओतत होते. मी म्हटलं, आम्हीही बसमध्ये मराठीच बोलतो. त्या म्हणाल्या, तुमची गोष्ट वेगळी. अंकलही असंच म्हणाले असते.

थोड्या वेळानं त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या आणि स्वतःहून सांगायला लागल्या. त्या मूळच्या इथल्या नव्हेतच. वेल्समधल्या खाणीच्या गावातल्या. खाण बंद पडली आणि वडील कामाच्या शोधात चालत, ट्रकवर बसत इथे आले, कारण ट्रेडिंग इस्टेटवर नवे कारखाने निघत होते. मागून आजींना घेऊन त्यांची आई आली. तेव्हा त्या लहान होत्या, वेल्शच बोलायच्या. इथले लोक म्हणायचे की हे वेल्श आले, कमी पैशात राबतात, एका खोलीत सगळे कोंबून राहतात, गात बसतात. खोली भाड्यानं मागायला गेलं की आवाज ऐकूनच दार लावून घ्यायचे.

"शाळेत मी भिंतीला टेकून उभी असायची," त्या म्हणाल्या. "किती वर्षांत आठवलंच नव्हतं मला हे."

मी विचारलं, मग कोणी बोलायला आलं का. त्यांनी आठवून पाहिलं. एक मुलगी आली होती, तिनं अर्धं सफरचंद दिलं होतं, पुढे ती मैत्रीण झाली आणि मग कॅनडाला गेली. असं सांगून त्यांनी सुया परत उचलल्या आणि म्हणाल्या, "तरीपण इमारत दोनच मजल्यांची हवी होती." आम्ही दोघी हसलो. त्या मुद्द्यावर त्या शेवटपर्यंत हटल्या नाहीत, आणि मला ते आवडायचं.

मग मला दुसऱ्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात पाय सुजले, बी.पी. वर गेलं, आणि तपासायला गेले तर डॉक्टरनं घरी जाऊच दिलं नाही. बाळ होईपर्यंत हॉस्पिटलमध्येच राहायचं, असं सांगितलं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी तिथे अडकले. नवऱ्याची रात्रपाळी. सुट्टी मागितली असती तर त्याला गोदामात लावणाऱ्या एजन्सीनं दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा केला असता. आईचा व्हिसा यायला वेळ होता. मुलगी सहा वर्षांची. तिला रात्री एकटं ठेवता येणार नव्हतं आणि बीजींच्या घरी त्या वेळी आमच्या जुन्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. बीजींनी तरी निरोप पाठवला की खाली सोफ्यावर झोपवू. पण मला त्या भिंती आठवल्या.

हे सगळं नवरा फोनवर कुणाला तरी इंग्रजीतून सांगत जिना उतरत होता, तेव्हा आजी फाटकापाशी होत्या. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या दाराशी आल्या, काखेत स्वतःची उशी आणि हातात अलार्मचं घड्याळ. नवऱ्याला म्हणाल्या की मुलीनं आपल्या पलंगावरच झोपायला हवं, म्हणून मी इथे झोपेन, तू कामाला जा.

बाळ होईपर्यंत रोज रात्री त्या आमच्या बैठकीत सोफ्यावर झोपल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, एक गुडघा दुखरा. नवरा सकाळी येईपर्यंत त्या मुलीला खायला घालून, वेणी घालून तयार ठेवायच्या, मगच आपल्या घरी जायच्या. मुलगी काय खाते, काय खात नाही, हे त्यांनी आधीच नीट विचारून घेतलं. आमच्याकडे मांस चालत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं की अंड्याचं काय, आणि चालतं म्हटल्यावर ते आपल्या घरून उकडून आणायला नवं पातेलं विकत आणलं, कारण त्यांच्या पातेल्यात बेकन झालं होतं. पोलिश शेजारीण दर बुधवारी सूप करून द्यायची, बिटाचं, लालभडक. मुलीला ते इतकं आवडलं की आजही ती वरणाआधी ते मागते.

मुलगी हॉस्पिटलमध्ये मला भेटायला यायची तेव्हा तिच्या वेण्या इतक्या घट्ट असायच्या की भुवया वर ओढल्या जायच्या. तेलानं डोकं चपचपीत. कुठलं तेल, किती, हे आजींनी नवऱ्याकडून समजून घेतलं होतं आणि बहुतेक दुप्पट वापरत होत्या. संध्याकाळी देवापुढे मुलगी श्लोक म्हणायची, कापराच्या प्रकारानंतर आम्ही बॅटरीचा दिवा ठेवला होता, तो आजी स्वतः लावायच्या आणि श्लोक संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहायच्या. एकदा मुलीनं मधली ओळ गाळली तर त्यांनी तिला थांबवलं. शब्द कळत नव्हते, पण लांबी त्यांच्या कानाला पाठ झाली होती.

मी एकदा वॉर्डमध्ये त्यांचा हात धरला आणि आभार मानायला लागले. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "मला घरी कोण आहे? रात्री कुणाचा श्वास ऐकू येतोय, हे मला बरं वाटतं. तू लवकर येऊ नकोस."

मुलगा झाला, लहानखुरा, पण धडधाकट. तो घरी आला आणि पंधरवड्यानं आई आली. आईनं पहिल्याच दिवशी माझ्याकडून सगळं ऐकलं. गुरुवारी आजी आल्या तेव्हा आई उठून उभी राहिली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. आजी घाबरून मागे सरल्या, त्यांना वाटलं आईचं काहीतरी खाली पडलं. मी समजावून सांगितल्यावर त्या लाल झाल्या. मग त्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

त्या उन्हाळ्यात दोघी रोज दुपारी तिथे बसायच्या. आई मटार सोलायची, आजी विणायच्या. आई मराठीत बोलायची, आजी इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण तिला गरज वाटली नाही. मी आतून ऐकायची. आई सुनेबद्दल सांगायची, आजी जावयाबद्दल. दोघींनाही एकमेकींचं पटायचं. जाताना आईनं त्यांना इरकल साडी दिली. आजी ती कापतील, नाहीतर तिचा पडदा करतील, अशी मला धास्ती होती. त्यांनी ती खुर्चीच्या पाठीवर घडी घालून टाकली आणि आल्यागेल्याला दाखवत राहिल्या.

काही वर्षांनी त्यांच्या गुडघ्यानं जिना चढणं सोडलं. लेक केंब्रिजला होती, तिनं आपल्या घरी खालची खोली तयार केली. आजींना जायचं नव्हतं, पण तसं त्या फारशा बोलल्या नाहीत. मी आणि पोलिश शेजारणीनं मिळून त्यांचं घर आवरलं. बीजींनी परोठे पाठवले. लेकीची गाडी निघाली तेव्हा फुटपाथवर आम्ही सगळे उभे होतो. आजी म्हणाल्या की असं उभं राहू नका, कोणी मेलेलं नाही. त्यांचं घर पुढे भाड्यानं गेलं. आता तिथे रोमानियातलं एक कुटुंब राहतं आणि बाग नीट ठेवतं.

पुढच्या वसंतात आम्ही चौघं बसनं केंब्रिजला त्यांना भेटायला गेलो. लेकीचं घर मोठं, शांत. लेक आणि जावई दिवसभर कामावर. आजींनी आम्हाला नदीकाठी नेलं, काठी टेकत. मुलगा हंसांच्या मागे धावत होता, नवरा त्याच्या मागे. बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या की इथे सगळे फार हुशार आहेत आणि कुणालाही त्यांची ओळख नाही. दुकानात, बसमध्ये, कुठेच नाही. मग त्यांनी मला विचारलं, "तू आलीस तेव्हा पहिल्या वर्षी काय केलंस?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं की काही नाही, शाळेच्या गेटपाशी रोज वेळेच्या आधी जाऊन उभी राहायची, आणि जो कोणी हवेबद्दल बोलेल त्याच्याशी बोलायची. बहुतेक जण एका वाक्यावर थांबायचे. काही दोन वाक्यं बोलायचे. पुढे त्यांतलेच उपयोगी पडले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मी त्यांना सल्ला देते आहे याचा मला संकोच वाटला, त्यांना वाटला नाही.

महिन्याभरानं फोन आला. लायब्ररीत सकाळी विणकामाचा गट असतो, तिथे त्या जाऊन बसायला लागल्या होत्या. तिथे एका चिनी संशोधक मुलीची आई येते, तिला इंग्रजी मुळीच येत नाही, पण हात फार चलाख आहे, असं त्या सांगत होत्या. दोघी शेजारी बसतात. तिला थँक्यू आणि हवा चांगली आहे एवढं शिकवून झालं होतं. मी विचारलं, आता पुढे काय शिकवणार. त्या म्हणाल्या, "आधी तिच्याकडून तो टाका शिकते, मग बघू," आणि मुलीला फोन द्यायला सांगितलं.